कापडी घराची भूमिपरीक्षा

॥ श्री ॥
कर्जत, आश्विन वद्य चतुर्थी, शके १८६९

चि. त्रिंबकास,

आशीर्वाद नेहमीचेच. तू मधल्या काळात घ्यायला आला नाहीस म्हणून बरेच साठले आहेत. निम्मे शकूला आणि इंदूला दे, उरलेल्यांत तुझं भागेल.

तुझं पत्र पोस्टमनने अंगणातून हाक मारून दिलं. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि मी ते पदराआड घेऊन थेट गोठ्यात गेले. गायीच्या साक्षीने दोनदा वाचलं. तू जिवंत आहेस, धडधाकट आहेस, आणि हट्टही कुठे खरचटलेला नाही. जीव भांड्यात पडला. तू इराकातून परत आलास हे मला दीड वर्षापूर्वी तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं. पण ऐकीव प्रमाण वेगळं आणि प्रत्यक्ष प्रमाण वेगळं, हे तात्यांनी मला आठव्या वर्षीच शिकवलंय.

इंदूचा ताप उतरला, हे वाचून गायीला एक मूठ गूळ जास्त दिला. डॉक्टर म्हणाले मोकळ्या हवेत न्या, म्हणून तू लढाईनंतर विकायला काढलेल्या डिस्पोजलच्या मालातून पलटणीची जुनी लॉरी घेतलीस, तिच्या पोटात फळ्यांचे बिछाने ठोकलेस, वर एक तंबूही घेतलास. आणि आता बायकापोरीला घेऊन कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चार-पाच दिवस कर्जत-खालापुराच्या रानात मुक्काम करणार. शाब्बास. आपल्या घराण्यात यापूर्वी वनवासाला कोणी हौसेने गेलेलं नाही.

जागा मी शोधावी, हे ठीक. तुझ्या अटी मात्र ऐकण्यासारख्या आहेत. पाणी जवळ हवं. लॉरी जाईल असा रस्ता हवा. सावली हवी. आपलं घर तिथून दिसता कामा नये. आणि तात्यांना यातलं काही कळता कामा नये.

पहिल्या तीन देवाच्या हातात आहेत, चौथी झाडांच्या. पाचवी माझ्या हातात, म्हणजे सगळ्यांत कच्ची.

‘प्रायश्चित्त घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस, असं तात्या म्हणाले होते. मी समुद्रापलीकडे जाऊन लॉऱ्या दुरुस्त केल्या, पाप केलं नाही. तेव्हा प्रायश्चित्त नाही आणि उंबराही नाही,’ असं तू पुन्हा लिहिलं आहेस. त्रिंबक, तू इराकाला निघालास तेव्हा हे भांडण झालं, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी हातात उलथनं घेऊन उभी होते. मला ते दोन्ही बाजूंनी पाठ आहे. तुम्ही दोघेही बरोबर होता, म्हणून तर मिटलं नाही.

फक्त एक सांगते, आणि सांगून विसरते. तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. उजव्याने अजून माणूस ओळखतात, डावा नावालाच. नात अजून त्यांनी पाहिलेली नाही. वैद्य म्हणतात, उजवाही फार दिवसांचा सोबती नाही. यावर तू काही करावंस असं मी म्हणत नाही. मी जागा शोधते आहे.

तुझी,
गोदूताई


आश्विन वद्य एकादशी

चि. त्रिंबकास,

आशीर्वाद. कोंडाण्याच्या लेण्यांपाशी जाऊन आले. आपल्या शेताचा आबाजी बैलगाडी घेऊन आला होता. अर्ध्या वाटेवर चाक दगडात अडकलं तेव्हा म्हणाला, “गोदूबाय, हितं बैल रडतान, लॉरी काय करल?” तरी पुढे गेलो. लेण्यांच्या पायथ्याशी झरा गोड आहे, सावली आहे, घर दिसणं तर दूरच, तिथून कर्जतही दिसत नाही. मी जवळजवळ हो म्हणणार होते. तेवढ्यात जना नावाची ठाकरीण लाकडाची मोळी घेऊन उतरली. तिला विचारलं, इथे रात्री कोणी राहतं का?

“ऱ्हातो ना,” ती म्हणाली, “वाघरू ऱ्हातो.”

आणि मोळी सावरून हसत निघून गेली. चेष्टा केली की खरं सांगितलं, ते तिचं तिलाच ठाऊक. मी परीक्षा पाहिली नाही.

ठाकुरवाडीची हवा म्हणशील तर अमृत आहे. पण तिथे जायला आगगाडीचे रूळ आहेत, आणि तुझ्या लॉरीला रबरी चाकं. तू ती बदलून घेणार असशील तर कळव.

आता मुख्य गोष्ट. मला व्याकरण कळतं, काव्य कळतं, भाकरी फुगणार की नाही हे तवा पाहून कळतं. जमिनीतलं मला कळत नाही. आपल्या गावात ते कळणारा माणूस एकच. सत्तरीत आहे, दिसत कमी आहे, आणि आपल्या दोघांचा बाप आहे. पंचक्रोशीत घर बांधायचं, विहीर खणायची, खळं करायचं, म्हणजे लोक अजूनही त्यांना गाडीत घालून नेतात.

म्हणून मी त्यांना विचारलं. थांब, पत्र फाडू नकोस. नाव नाही घेतलं. म्हटलं, मुंबईचं एक कुटुंब आहे, आबाजीच्या ओळखीचं. कापडी घर ठोकून चार दिवस राहणार म्हणतात. जागा कुठली सुचवावी?

तात्या म्हणाले, “कापडाला कसली आलीय भूमिपरीक्षा? वारा आला की वास्तुपुरुष उडून जायचा.” आणि जपमाळ उचलली.

मी पानं घ्यायला उठले. तुला तात्या माहीत आहेत. त्यांना काम सांगितलं तर ते नाही म्हणतील. प्रश्न विचारला तर त्यांना झोप येत नाही. जेवायला बसले, चित्राहुती घातल्या, पहिला घास हातात घेतला आणि तसाच ठेवून म्हणाले, “त्या कापडाचं तोंड कुठे करणार आहेत?”

मी म्हटलं, “विचारून सांगते.”

“उत्तरेचा वारा सुटलाय. सांग त्यांना. आणि चूल तंबूच्या कुठल्या अंगाला?”

आमटी निवून गेली, पण मासा गळाला लागला. आपल्या घरात दुसरा कुठला मासा शिजणार!

खोपोलीला वीजघराखाली नदीकाठी एक सपाट जागा आहे असं ऐकते. पुण्याचा रस्ता जवळ, म्हणजे तुझ्या गाडीची सोय. दिवाळीत तात्या स्वतः पाहायला येतो म्हणाले आहेत. कुणासाठी, हे त्यांना माहीत नाही. माहीत नाही, असं मी समजते. समजायला काय जातं?

गोदूताई


भाऊबीज

चि. त्रिंबकास,

आज दरवर्षीप्रमाणे चंद्राला ओवाळलं. भाऊ समोर नसला की चंद्राला ओवाळायचं, हे शास्त्र माझ्यासारख्यांसाठीच कोणीतरी करून ठेवलं आहे. चंद्राचं एक बरं असतं, तो भांडत नाही. पण ओवाळणीही घालत नाही, आणि बीजेचा असल्यामुळे पाट मांडीपर्यंत मावळायला निघतो. तेव्हा चंद्रापेक्षा तूच बरा, इथपर्यंत माझा सिद्धांत आला आहे.

आता नीट बसून वाच.

काल सकाळच्या गाडीने तात्या, मी आणि कुदळ घेऊन आबाजी, असे खोपोलीला गेलो. स्टेशनावर एका गृहस्थाने विचारलं, “शास्त्रीबुवा, कुणाचं घर बांधायचंय?” तात्या म्हणाले, “घर नव्हे, बिऱ्हाड.” आणि पुढे चालू लागले. त्यांच्या चालण्यात इतक्या दिवसांत मी न पाहिलेली घाई होती.

जागा तू पाहिलीस तर तिच्यावर श्लोक करशील. हिरवळ, वर जांभळाची झाडं, समोर खंडाळ्याचा डोंगर, आणि पाताळगंगेचं पाणी काचेसारखं. तात्यांनी आबाजीकडून हातभर खड्डा खणवला. तुला आठवतं ना? निघालेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात भरायची. उरली तर जागा उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर ती जागा सोडून द्यायची. माती उरली. चांगली ओंजळभर उरली. तात्यांनी ती चिमटीत घेऊन हुंगली, जिभेला लावली, आणि म्हणाले, “माती उत्तम आहे.”

माझा जीव हलका झाला. मनात तुझी लॉरी तिथे आणून उभी केली, शकूचा स्टोव्हसुद्धा पेटवला.

दुपार कलेपर्यंत आम्ही तिथेच बसलो, कारण परतीची गाडी उशिरा होती. दशम्या खाल्ल्या. तात्या पाण्याकडे तोंड करून बसले होते. त्यांना दिसत कमी, पण ऐकू माझ्यापेक्षा जास्त येतं. अचानक म्हणाले, “गोदू, पाणी बोलायला लागलं.”

मला काही वेगळं वाटेना. आबाजी खाली जाऊन आला आणि म्हणाला, “व्हय, मगाशी ज्या धोंड्यावं मी पाय धुतलं, तो धोंडा गेला पान्यात.”

वर वीजघरात यंत्रं जोरात फिरू लागली की खाली पाणी जास्त सुटतं. तिथल्या लोकांना ते ठाऊक असतं. संध्याकाळ झाली की ते गुरं वर घेतात. तुम्ही मुंबईला दिवा लावता आणि इथे नदी चढते. मोठ्या माणसाला त्यात काही नाही, घोटा भिजतो एवढंच.

तात्या उठले. काठी टेकत म्हणाले, “ही जागा नको.”

मी म्हटलं, “अहो, माती तर उत्तम म्हणालात.”

“माती उत्तमच आहे. पण ही नदी घड्याळावर चालते, आणि पोरांना घड्याळ कळत नाही. सहा वर्षांची पोर, त्यात नुकती तापातून उठलेली. ती काठावर खेळणार नाही तर काय करील? तिच्या पायात कितीसं बळ असणार?”

त्रिंबक, मी त्यांना मुंबईचं एक कुटुंब एवढंच सांगितलं होतं. पोर आहे हेही सांगितलं नव्हतं. सहा वर्षांची, हे तर नाहीच. तापाबद्दल तर मी गायीशिवाय कुणाला बोलले नव्हते.

आबाजीने एकदम कुदळ धुवायला घेतली. मी दशम्यांचं फडकं झटकून त्याची घडी घातली. मग विचारलं, “तात्या, तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? मुंबईहून जो जो गाडीतून उतरतो, त्याला मी विचारतो.” आणि मग माझ्यावरच उसळले, “तू आबाजीच्या ओळखीचे म्हणालीस. आबाजीची मुंबईत ओळख आहे का कोणाशी?”

“नाय बा,” आबाजी म्हणाला. “आमी कल्यानच्या फुडं कदी गेलोच नाय.”

खोटं बोलायला मी आबाजी निवडला, इथेच माझं शास्त्र कमी पडलं.

तेव्हा तुझी पाचवी अट मोडली आहे. मी मोडली नाही, ती मुळात कधी उभीच नव्हती. तू यायचं रद्द करशील या भीतीने मी हे पत्र दोनदा लिहून फाडलं. पण गाडीत तात्या काय म्हणाले ते तुझ्या कानावर घालायलाच हवं. पळसदरी गेल्यावर म्हणाले, “त्याला लिही, जागा मी बघतोय. दुसऱ्या कुणावर सोडू नकोस म्हणावं.” आणि थोड्या वेळाने, “प्रायश्चित्ताचं मी काही काढलेलं नाही, हेही लिही.”

ते काढलेलं नाही म्हणाले. सोडलं म्हणाले नाहीत. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

गोदूताई


कार्तिक शुद्ध सप्तमी

चि. त्रिंबकास,

तुझं कार्ड आलं. ‘जागा कळव’ एवढे दोनच शब्द. त्यात ‘येत नाही’ हे शब्द कुठे आहेत ते मी उलटूनपालटून पाहिलं, पत्त्याच्या बाजूलाही पाहिलं. नाहीत. मग शांतपणे भात टाकला. तो करपला, पण तात्या काही बोलले नाहीत. त्यांनीही ते कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं होतं. दोन शब्दांचं तीनदा म्हणजे काय, ते तूच पाहा.

जागा ठरली. आता कुठे ते सांगते आणि लगेच कानांवर हात ठेवते.

आपलं उल्हासकाठचं शेत.

तुझा पूर्वपक्ष मी इथूनच ऐकते आहे: ‘ताई, हे तर घरामागेच!’ घरामागे आहे खरं, पण मधे आंब्याची रांग आहे. घर दिसत नाही. तुझी अट ‘दिसता कामा नये’ अशी होती, ‘जवळ असता कामा नये’ अशी नव्हती. पूजेची घंटा ऐकू येईल, पण कानांची अट तू घातली नव्हतीस. शेताला उंबरा नाही. भात कापून झालाय, खळ्याशेजारची जमीन सपाट आहे, बैलगाडीची वाट थेट लॉरीपुरती रुंद आहे, आणि नदी तिथे शहाणी आहे, कोणाच्या दिव्यावर चालत नाही. तात्या तिच्यात रोज कार्तिकस्नानाला जातात, तेव्हा पायरी न् पायरी ओळखीची आहे.

आणि मातीची परीक्षा? ऐक, आणि शकूला वाचून दाखव, पण इंदूला नको. आजोबांविषयी तिचं मत अजून व्हायचंय.

खड्डा खणला. माती भरली. कमी पडली.

भातशेतीची माती, पाणी आटलं की बसते, भेगाळते. कमी पडायचीच. आबाजी खड्ड्याकडे बघतोय, मी तात्यांकडे बघतेय. आयुष्यभर या माणसाने एक मात्रा इकडची तिकडे होऊ दिली नाही. त्या पाटलाचं अर्धं बांधलेलं जोतं याच परीक्षेवरून मोडायला लावलं होतं, आठवतं?

तात्यांनी हाताने खड्डा चाचपला. किती कमी आहे तेही चाचपलं. मग बाजूच्या बांधावरची दोन ओंजळी माती घेतली, खड्ड्यात टाकली, वरून थोपटली आणि म्हणाले, “खणताना सांडली होती.”

आबाजी म्हणाला, “न्हाय भटजीबाबा, मी एक कन नाय सांडला.”

“सांडली होती, आबाजी.”

“व्हय. सांडली आसल.”

“कशी आहे जागा?”

“मध्यम म्हनायची, न्हाय का?”

“उत्तम,” तात्या म्हणाले. “थोडी वर आली आहे बघ.”

मी तोंडात पदर घालून आंब्यामागे गेले. हसले की रडले, ते विचारू नकोस. त्या वेळी माझं मलाही नीट कळलं नाही.

आता व्यवहाराचं. रेशनचे तांदूळ आणू नकोस, घरचे आहेत. पेट्रोलची कुपनं परतीपुरती राखून ठेव, इथे पेट्रोल मिळायला खोपोलीपर्यंत जावं लागेल. गरम कपडे आण. एक अडचण मात्र कालच उपटली. विहिरीची कप्पी मोडली. काल संध्याकाळी मी पाणी काढलं तेव्हा ती ठणठणीत होती. आज सकाळी तात्या म्हणतात मोडली, आणि दुरुस्तीला दिलीसुद्धा. लोहार म्हणे पौर्णिमेनंतर देईल. दोर नुसता काठावरून ओढायचा म्हणजे प्यायच्या पाण्यापुरतं ठीक, पण आंघोळी सगळ्यांना नदीवरच कराव्या लागतील. पहाटेचं पाणी गार असतं. इंदूसाठी मी चुलीवर हंडा तापवीन. तुम्ही दोघं सोसा.

द्वादशीला संध्याकाळच्या आत या. अंधारात बांध दिसत नाही.

गोदूताई


कार्तिक वद्य तृतीया

चि. त्रिंबकास,

शकूचं पत्र आज आलं. सुखरूप पोचलात, इंदूला भूक लागायला लागली, लॉरी दादरच्या अलीकडे बंद पडली. तिन्ही बातम्यांनी समाधान झालं. तिसरीनेसुद्धा, आपल्या हद्दीत पडली असती तर तात्यांनी तिच्याखाली खड्डा खणून पाहिला असता.

जे झालं ते तू तंबूच्या बाजूने पाहिलंस. घराच्या बाजूचं तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

द्वादशीला दुपारपासून तात्या ओटीवर बसून होते. लॉरीचा आवाज आला तेव्हा उठले, उपरणं नीट केलं, पुन्हा बसले. “आपण कशाला जायचं? त्यांचे ते ठोकतील तंबू,” म्हणाले. मग आंब्याच्या रांगेतून तुझ्या मेखा ठोकण्याचा आवाज येऊ लागला. तात्या कान देऊन ऐकत होते. चौथ्या मेखेला म्हणाले, “चुकतोय.” पाचवीला काठी घेऊन निघाले.

इतक्या वर्षांनी बाप लेकाला काय म्हणणार, ते ऐकायला मी हातातलं तसंच टाकून मागोमाग निघाले. तात्या तुझ्यासमोर उभे राहिले, खाली वाकून मेख चाचपली आणि म्हणाले, “ही तिरपी ठोकलीस.”

तू म्हणालास, “तिरपीच ठोकायची असते, तात्या. वाऱ्याला सरळ मेख उपटते.”

“हो का?”

“हो.”

“मग ही दुसरी सरळ का?”

आणि तू ती काढून पुन्हा ठोकलीस. तुझ्या मागे शकू उभी होती, ती माझ्याकडे बघून तोंडावर हात धरून हसली. मी तिला तिथेच मनापासून आशीर्वाद दिला, साठ्यातला नव्हे, ताजा.

इंदूने घर पाहिल्याचं तुला ठाऊक नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिठाची वाटी घेऊन एकटीच आंब्यातून आली आणि सरळ आत. उंबरा तिने उडी मारून ओलांडला, त्याच्यावर पाय न देता. हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे. तात्यांच्या पुढ्यात उभी राहून चौकशी सुरू.

“तुमच्या घराला चाकं नाहीत?”

“नाहीत.”

“मग तुम्ही कुठेच जात नाही?”

तात्यांनी तिला उजव्या बाजूला, उजेडात घेतलं. हनुवटी धरून तोंड वर केलं. किती वेळ पाहत होते ते मी मोजलं नाही. शेवटी म्हणाले, “परवा खोपोलीला गेलो होतो. तुझ्यासाठी.”

“मी तर नव्हते तिथे.”

“म्हणूनच परत आलो,” तात्या म्हणाले. मीठ द्यायचं राहूनच गेलं.

आता कप्पी. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी देवघर सारवायला काढलं, तर देव्हाऱ्याच्या मागे फडक्यात गुंडाळलेली ती सापडली. मोडलेली नाही, वंगणसुद्धा लावलेलं. मी ती तात्यांसमोर ठेवली. ते म्हणाले, “लोहाराने आणून दिली वाटतं.”

मी म्हटलं, “देव्हाऱ्याच्या मागे?”

“भाविक लोहार आहे.”

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं ओळीने लागलं. तुमची पहिली पहाट आठव. नदीत तू छातीइतक्या पाण्यात उभा, तात्या तुझ्या शेजारी दोन हातांवर, आबाजीने त्यांचा दंड धरलेला. शकू आणि मी काठावर, थोड्या वरच्या अंगाला. तात्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि संकल्प म्हणायला लागले. रोजचाच असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग ऐकलं, स्वतःच्या नावाच्या जागी त्यांनी तुझं नाव घातलं. समुद्र, परदेश, सगळं बारीक आवाजात, भराभर, कुणाला कळू नये अशा घाईने. ओंजळ सोडली तीही तुझ्या बाजूला. तुला नकळत तुझं प्रायश्चित्त तुझ्या शेजारी उभं राहून स्वतः घेतलं, आणि त्यासाठी विहीर मोडली, शेत उत्तम ठरवलं, दोन ओंजळी माती घातली.

त्या दिवशी दुपारी ते तुमच्या तंबूत येऊन शकूच्या हातचं पिठलं-भात जेवले. तुझ्या पंक्तीला, पानाला पान लावून. मी डोळे मोठे केले तर मला एवढंच म्हणाले, “स्नान झालंय.” तेव्हा मला वाटलं, स्वतःचं म्हणतात.

हे वाचून तू चिडशील अशी भीती मला परवापर्यंत होती. ‘नको म्हटलं होतं तरी माझ्यावर लादलंच,’ असं म्हणशील. मग आणखी एक आठवलं, आणि भीती गेली.

पाणी बर्फासारखं होतं. तू एक बुडी मारून बाहेर पडायला वळला होतास, मी पाहिलं. तेवढ्यात तात्यांचा आवाज लागला. तू संस्कृत अर्धवट सोडून पळालास खरा, पण आपलं स्वतःचं नाव ऐकू न येण्याइतकं विसरला नाहीस. तू थांबलास. तसाच वळलेला, त्यांच्याकडे पाठ करून, दात वाजवत. ओंजळ सुटल्यावरच बाहेर आलास आणि मला म्हणालास, “ताई, पाणी फार छान आहे.” ओठ निळे होते.

काल तात्यांनी मला विचारलं, “त्याला काही कळलं नाही ना?”

मी म्हटलं, “छे. त्याला काय कळतंय!”

त्यांना इतकं बरं वाटलं की दुपारी झोप लागली. तेव्हा तुला कळलं नाही, हे आता कायमचं ठरलं आहे. माझ्या शब्दाला जाग. पौर्णिमेला निघताना तू चपला काढून उंबरा ओलांडलास आणि देवाला नमस्कार केलास, तेव्हा मी पाठ करून भांडी घासत होते. ती आधीच घासलेली होती. कोणाला काय कळलं आणि कोणाला नाही, याचा हिशेब या घरात आता कोणी मागणार नाही.

आज आबाजी वाल पेरायला नांगर घेऊन आला. जमिनीत ओल आहे तोवर पेरायला हवेत. खळ्यापाशी तुमच्या तंबूची जागा अजून दिसते, गवत दबलेलं आणि मेखांची भोकं. आबाजी नांगर तिकडे वळवणार, तोच तात्या बांधावरून म्हणाले, “तेवढी सोड.”

“भटजीबाबा, येवडी चांगली जागा रिकामी ठिवायची?”

“रिकामी नाही,” तात्या म्हणाले. “तिथे माणसं राहतात.”

आबाजीने नांगर उचलून वळवला आणि तेवढा चौकोन सोडून चारी बाजूंनी वाल पेरले.

तुझी,
गोदूताई